तोंड नसलेला रोबॉट

आमच्या कन्यारत्नाला गेल्या रविवारी सहा वर्षं पूर्ण झाली. त्याच्या बरोब्बर तीन आठवडे आधी जेवताना घोषणा झाली, "बाबा, या वर्षी रोबॉटवाला बर्थडे!" गेल्या वर्षी जलपरी होती, त्याच्या आदल्या वर्षी हत्ती. दोन्ही वेळा सजावटवाल्याला फोन केला, तो दोन तासांत कमानी लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी मी फुगे फोडत बसलो. या वेळी त्यानं रोबॉटचा भाव सांगितला साडेनऊ हजार. त्यात फुग्यांची कमान, मागे छापील फ्लेक्स आणि दोन कटआउट.

"साडेनऊ हजारात तर खरा रोबॉट येईल," मी म्हटलं. (येत नाही. पण घरात मी एकटाच इंजिनियर, त्यामुळे माझी असली विधानं खपून जातात.)

तर ठरलं, सजावट घरीच करायची. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन करत नाही. माझ्या हातून या घरात तयार झालेली शेवटची वस्तू म्हणजे २०१४ सालचा आकाशकंदील, आणि तो लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच एका बाजूला कलला होता. साडेनऊ हजार द्यायला हात धजेना याला ऑफिसातलंही एक कारण होतं. ते पुढे सांगतो.

आधी सामान. फुकटचं : किराणावाल्याकडून बिस्किटांची अकरा खोकी, अंड्यांचे चार ट्रे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून बाटल्यांची झाकणं आणि माझ्या कपाटातल्या बावीस जुन्या सीड्या. (ट्रेनिंगच्या होत्या. ज्या गोष्टींचं ट्रेनिंग होतं त्या गोष्टीही आता उरल्या नाहीत.) विकतचं : अॅल्युमिनियम फॉइलची दोन रिळं, रंगीत कार्डशीट, लाल-निळा जिलेटीन कागद, फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. थर्माकोलचा विचार आला होता, पण महाराष्ट्रात २०१८ सालीच त्याच्या मखरांवर बंदी आली. शिवाय तो कापला की घरभर त्याचे साबुदाणे होतात.

पहिल्या शनिवारी काम सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत तीन बग सापडले.

बग एक. फॉइलवर पोस्टर कलर बसत नाही. पानावर पाणी ठरावं तसे त्याचे थेंब होतात, आणि वाळलाच तर पोपडे निघतात. उपाय : रंगवायचं नाही. कार्डशीटचे तुकडे टेपनं चिकटवायचे, बारीक रेघा पर्मनंट मार्करनं.

बग दोन. जुलैच्या हवेत फॉइलखालचा फेव्हिकॉल वाळतच नाही. एका बाजूनं धातू, दुसऱ्या बाजूनं दमट पुठ्ठा, बिचाऱ्यातलं पाणी जाणार कुठे? उपाय : भेटवस्तूला कागद गुंडाळतात तशी फॉइल गुंडाळायची आणि मागच्या बाजूला टेप मारायची. सुरकुत्या पडतात, पण पडू द्याव्यात. लांबून त्या पत्र्यासारख्या दिसतात.

बग तीन सगळ्यात मोठा. तीन खोकी एकावर एक रचून केलेला आमचा मुख्य रोबॉट गुडघ्यात वाकला आणि नाकावर पडला.

हे सगळं अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसून पेपराच्या वरून बघत होते. एका वाहन कारखान्याच्या वेल्डिंग शॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता वय एकाहत्तर. घरातल्या कुठल्याही कामात सांगितल्याशिवाय पडत नाहीत, सांगितल्यावरही पटकन पडत नाहीत.

"नळ्या आडव्या घेतल्यास तू," ते म्हणाले.

मला आधी कळेना. मग त्यांनी खोक्याची कापलेली कड दाखवली. दोन कागदांच्या मध्ये तो नागमोडी कागद असतो ना, त्याच्या नळ्या होतात. नळ्या उभ्या ठेवल्या तर खोकं भार घेतं, आडव्या ठेवल्या तर दबतं. मी खोकं आडवं ठेवलं होतं. उभं केलं, तळाशी दोन किलो तांदळाची पिशवी ठेवली आणि गडी ताठ उभा राहिला. मी गेली अठरा वर्षं 'सिस्टीम आर्किटेक्चर' या विषयावर बोलतोय, हे इथे नमूद करतो.

त्यानंतर गाडी रुळावर आली. डोळ्यांना झाकणं आणि सीड्या, दातांना अंड्याच्या ट्रेची पट्टी, हातांना स्प्रिंग. (कागदाच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून एकीवर एक आलटूनपालटून घड्या घालत गेलं की झकास स्प्रिंग होते. मुलांना हे काम द्यावं, अर्धा तास शांतता मिळते.) पंज्याच्या जागी कपडे वाळवायचे चिमटे. एका डोक्याला चौकोनी खिडक्या कापून आतून जिलेटीन लावलं, आत दिवाळीची माळ सोडली आणि आकाशकंदिलासारखं दारात टांगलं. या वेळी कललं नाही.

लेक खूश होती. तिनं आजोबांना विचारलं, "आजोबा, छान आहे ना रोबॉट?"

"छान आहे. पण रोबॉटला तोंड नसतं."

"असतं!"

"नसतं बेटा. नुसता हात असतो."

वाद मिटवायला मी मध्ये पडलो आणि सवयीप्रमाणे माहिती देऊ लागलो. रोबॉट हा शब्द आला कारेल चापेक या झेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० सालच्या नाटकातून. सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठबिगारी. गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबॉट पत्र्याचे नव्हतेच, माणसासारखे दिसणारे होते, म्हणजे तोंडवाले. आणि कारखान्यात कामाला लागलेला पहिला रोबॉट, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसवला, तो मात्र खरोखरच नुसता हात होता. म्हणजे दोघंही बरोबर!

लेकीनं मला वाऱ्यावर सोडलं होतं. अण्णा मात्र ऐकत होते. "वेठबिगारी," ते म्हणाले. "मग नाव बरोबर आहे."

'नुसता हात असतो, तोंड नसतं.' हे वाक्य मी यापूर्वी एकदा ऐकलं होतं. १९९९ साल, मी अकरावीत. अण्णांच्या खात्यात रोबॉट आले होते. मी कॉम्प्युटरच्या नादानं वेडा झालेला, रोज विचारायचो, कसा दिसतो, बोलतो का, किती मोठा आहे. एकदा त्यांनी हेच उत्तर दिलं आणि ताटावरून उठले. आईनं मला डोळ्यांनी दटावलं. पुढे त्यांची बदली स्टोअरला झाली. रोबॉटमुळे त्यांचं काम गेलं एवढं मला समजलं आणि तो विषय आमच्या घरात बंद झाला. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो तेव्हाही त्यांनी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या शनिवारी सकाळी उठून बघतो तर अण्णा जमिनीवर बसलेले, समोर त्यांचा पत्र्याचा डबा. "मेडिकलमधून सिरिंजा आण. तीन दहा एमएलच्या, तीन पाचच्या. सुया नकोत. आणि सलाईनची नळी."

मी निमूटपणे गेलो.

त्यांनी पुठ्ठ्याचे दोन-दोन थर एकमेकांवर चिकटवले, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. प्लायवूडसारखा टणक पुठ्ठा झाला. त्यातून खांदा, कोपर आणि पंजा कापला. सांध्यांना सायकलच्या स्पोकचे तुकडे. मग नळीच्या एका टोकाला एक सिरिंज, दुसऱ्या टोकाला दुसरी, मध्ये पाणी. इकडची दाबली की तिकडची बाहेर येते आणि सांधा हलतो. अशा तीन जोड्या : खांद्याला आणि कोपराला मिळून चार सिरिंजा, पंज्याला दोन. बुड मात्र हातानं फिरवायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर हात थरथरतो, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. म्हणून सगळं पाण्याखाली बुडवून जोडायचं. पाण्यात लेकीनं रंग मिसळले, लाल, निळा, पिवळा.

दुपारी हात तयार. तोंड नव्हतं.

"आजोबा, याला कसं कळणार चॉकलेट कुठे आहे?"

"याला काही कळत नाही. आपण शिकवायचं."

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून मी जागीच बसलो. टेबलावर पेन्सिलीनं खूण करून चॉकलेट ठेवलं. हात हळूहळू त्यावर नेला. सिरिंजवरचे आकडे वाचले आणि लेकीला वहीत लिहायला लावले : 'एक. खांदा ६, कोपर ३, पंजा उघडा. दोन. पंजा ४. तीन. खांदा २. चार. बुड उजवीकडे. पाच. पंजा सोड.' हात पुन्हा मूळ जागी आणला. मग ते आकडे मोठ्यानं वाचत लेकीनं तो चालवला आणि चॉकलेट बरोब्बर ताटलीत पडलं. चौरेघी वहीत, पेन्सिलीनं, सहा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलेला तो प्रोग्रॅम माझ्या आजवरच्या कित्येक प्रोग्रॅमांपेक्षा स्वच्छ होता.

रात्री लेक झोपल्यावर विचारलं, "अण्णा, हे कुठे शिकलात?"

"कुठे म्हणजे? खात्यात. पहिल्या रोबॉटला मीच शिकवलं."

सव्वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं! ते सांगत गेले. बाहेरून आलेल्या इंजिनियरला बटणं माहीत होती, पण गन कुठल्या कोनात धरायची, कुठे पत्रा दबतो, ते माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यात जुन्या वेल्डरला बोलावलं. हातात पेंडंट दिला, वायर लावलेला बटणांचा डबा. हात इथे आण, थांब, पॉइंट नोंदव, पुढे चल. तीन आठवडे एक-एक स्पॉट शिकवला. दोन महिन्यांनी स्टोअरला बदली.

"मग शिकवलंत कशाला? थोडं हातचं राखायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परीक्षेत कॉपी केलीय. "राखलं असतं तर स्पॉट कच्चा बसला असता. गाडी रस्त्यावर जाते रे. आत माणसं बसतात."

थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "राग नव्हता असं नाही. महिनाभर स्टोअरला लांबच्या दारानं जायचो. त्याच्यासमोरून जायला नको वाटायचं."

आता ते ऑफिसातलं कारण. मी सांभाळतो ती प्रणाली एका परदेशी क्लायंटच्या लोकांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब करते. अकरा वर्षं तिच्यात घालवलीत. महिन्यापूर्वी साहेबांनी सांगितलं की डोक्यात जे जे आहे ते सगळं लिहून काढ, एआयच्या नव्या टूलला ते पुरवायचं आहे. टीममधली दोन मुलं आधीच बेंचवर आहेत. न समजण्याइतका मी काही दूधखुळा नाही. त्यामुळे मी लिहीत होतो, पण मोघम. २९ फेब्रुवारीला नोकरीला लागलेल्यांची सेवा मोजताना एक गोम आहे. ती मी २०१६ साली दोन रात्री जागून शोधली होती. ती मुद्दाम लिहिली नव्हती. राहू दे म्हटलं एवढी आपल्याकडे.

हे अण्णांना मी त्या रात्री सांगितलं नाही. अजूनही नाही.

वाढदिवस दणक्यात झाला. चौदा मुलं, बाहेर धो धो पाऊस. माझ्या फॉइलवाल्या रोबॉटाबरोबर सगळ्यांनी फोटो काढले आणि पाच मिनिटांत त्याला विसरले. रांग लागली ती हातासमोर. प्रत्येकाला स्वतः आकडे वाचून चॉकलेट उचलायचं होतं. मध्येच पिवळ्या नळीत बुडबुडा शिरला, तर अण्णांनी बादली मागवली आणि चौदा पोरांसमोर तो काढून दाखवला. बुडबुडा निघाला तेव्हा केक कापताना वाजल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या वाजल्या.

एकूण खर्च सहाशे चाळीस रुपये, सिरिंजा धरून. तांदूळ परत डब्यात गेले.

सोमवारी ऑफिसात ती फाइल उघडली. बराच वेळ नुसता बघत बसलो. मग २९ फेब्रुवारीचं प्रकरण सविस्तर लिहिलं, उदाहरणासकट. त्यानं माझी नोकरी राहील की जाईल, कोण जाणे. त्या हिशेबातही माणसं बसलेली आहेत, एवढं मात्र कळतं. राग? आहे ना. हल्ली जेवायला मी लांबच्या जिन्यानं जातो.

असो. हात सध्या फ्रिजवर ठेवलाय. लेकीनं काल त्याच्या पंज्यावर आईच्या दोन टिकल्या चिकटवल्या, डोळे म्हणून. अण्णांनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. काढल्या नाहीत.