उधारीची फवारणी, रोखीची मजुरी

‘औषध बदला’ हे दोन शब्द मला अजून झोंबतात. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा निफाड तालुक्यातली आमची थॉमसनची बाग फुलोऱ्यात होती. पुढचं द्राक्षवाल्यांना सांगायला नको. डाऊनी रोग थेट घडांवर आला.

दुकानदाराने पाठवलेला सल्लागार बांधावर उभा राहिला. मांडवाखाली वाकून यायला तयारच नाही! मी आत होते. बाहेरची पानं सकाळीच सुकली होती, पण आतली दुपार झाली तरी ओलीच. काड्यांची एवढी दाटी, की ब्लोअरने मारलेलं औषध वरच्या पानांवरच थांबलेलं. आतल्या पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचलेलंच नाही, आणि डाऊनी शिरतो तो तिथल्याच छिद्रांतून. पानावर पाणी टिकल्याशिवाय त्याचे बीजाणू रुजत नाहीत. भुरी रोगाला तर तेवढंही लागत नाही, सावली आणि कोंदट हवा पुरते. हे सगळं मी त्याला दाखवत होते आणि तो सासऱ्यांकडे बघून ‘औषध बदला’ म्हणत चिठ्ठी लिहीत होता. फुटी विरळ करू म्हटलं, तर मला एवढंच म्हणाला, “ताई, पानं काढली तर घडात साखर कशी भरायची?”

त्यातलं निम्मं मला आज पटतं. एका घडाला पंधरा-सोळा पानं लागतातच, आणि उघडा पडलेला घड उन्हाने भाजतो. पण फेलफूट काढणं म्हणजे बाग बोडकी करणं नव्हे. घड दिसायला लागले की वांझ आणि जादा फुटी काढायच्या, राहिलेल्या तारेवर सुट्या बांधायच्या, नत्राचा हात आखडायचा. वारा खेळला की पान लवकर सुकतं आणि फवारणीही आतपर्यंत पोचते. पावसाळी वर्षात फवारणीशिवाय भागत नाही, मीही मारतेच.

खरी गोम पैशात आहे. औषध उधारीवर मिळतं, मजुरी रोख मोजावी लागते. म्हणून हात आखडला की पहिल्यांदा पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या बायांचं काम कमी होतं. बोटांनी फूट ओळखून काढणाऱ्या त्या बायांना बागेबद्दल कुणी विचारत नाही आणि बाटली लिहून देणाऱ्याला खुर्ची मिळते, याची मला चीड येते.

ऑक्टोबर छाटणीची तयारी करत असाल, तर फेलफुटीच्या मजुरीचे पैसे आधी बाजूला काढा.