घोडबंदरची जुनी मोटार

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास, घोडबंदर नांवाचें गांव आहे. हल्लीं त्याचा समावेश मिरा-भाईंदर महानगरपालिकेंत होतो. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता या गांवाजवळ खाडी ओलांडतो, आणि ठाण्याकडून येणारा रस्ता गायमुखाचा घाट उतरून येथेंच त्यास मिळतो. पूर्वीं अरबांचीं गलबतें या बंदरांत घोडे उतरवीत, म्हणून गांवास हें नांव पडलें, असें सांगतात. टेकडीवर पोर्तुगीजांनीं बांधलेला किल्ला आहे. १७३७ सालीं साष्टी मराठ्यांच्या हातीं आली. किल्ल्यावर उभें राहिलें असतां एका बाजूस खाडीचें रुंद पात्र व कांठचीं दाट तिवरें, आणि दुसऱ्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे हिरवे डोंगर नजरेस पडतात. खाडीवरून येणारा वारा सुखकर खरा. पण तो खारट आहे, आणि लोखंडाचा तो शत्रु आहे.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सर्व आप्त अक्का म्हणतात, याच गांवीं असतात. त्यांच्या अंगणांतील पत्र्याच्या शेडमध्यें १९७० सालची फियाट ११०० डिलाईट गाडी बारा वर्षें ताडपत्रीखालीं उभी होती. आमच्या कै. मेहुण्यांनीं ती १९८१ सालीं जुनी म्हणून विकत घेतली होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत या गाड्या तयार होत. पुढें हिचेंच रूप ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत घरोघर परिचित झालें. २०२३ च्या ऑक्टोबरांत अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी गेली.

अक्कांच्या नातीचा विवाह वैशाखांत ठाण्यास ठरला. तेव्हां थोरल्या भाच्याच्या मनानें घेतलें कीं, नवरी मुलीनें आजोबांच्या गाडींतून कार्यालयांत जावें. धाकट्या भाच्याचें मत निराळें. तो म्हणाला, “मामा, तुम्हीच समजूत घाला. गाडी भंगारांत दिली तर निदान अंगण तरी मोकळें होईल.” वाद वाढूं लागला तेव्हां अक्कांनीं एकच प्रश्न केला : “चालेल, हें मला ठाऊक आहे. थांबेल का, तें आधीं सांगा.”

या प्रश्नानें आम्हांस कठोपनिषदांतील रथाचें रूपक स्मरलें. त्यांत शरीर हा रथ, इंद्रियें हे घोडे, बुद्धि ही सारथी, आणि मन हा लगाम सांगितला आहे. घोड्यांचें बळ कितीही असो, लगाम सैल असेल तर रथ मुक्कामास पोंचत नाहीं. घोडबंदरच्या गाडीस हा नियम विशेषच लागू. कारण तिला ठाण्यास जाण्यासाठीं घाट चढावयाचा व परततांना तोच उतरावयाचा, आणि तोही मागेंपुढें अवजड मालट्रकांच्या रांगेंत.

भाईंदरचे एक वयोवृद्ध मेस्त्री, ज्यांची हयात याच गाड्यांत गेली, भाच्याच्या विनंतीवरून रविवारीं घरीं येऊं लागले. त्यांनींही इंजिनास हात न लावतां प्रथम चाकें उतरविलीं. जॅकवर विश्वास ठेवून कोणी गाडीखालीं शिरूं नये, म्हणून भक्कम घोड्यांवर गाडी टेंकविली. या गाडीच्या चारही चाकांस ड्रम-ब्रेक असतात. पायानें दांडी दाबली कीं मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून चाकांकडे लोटला जातो, तेथील लहान सिलिंडर ब्रेक-शू बाहेर ढकलतात, आणि ते ड्रमला घांसून चाक थांबवितात. सर्व चाकांचा मार्ग एकच असल्यामुळें एके ठिकाणीं गळती झाली तर चारही ब्रेक दुबळे होतात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. यास्तव मेस्त्र्यांनीं हवेचा झोत न मारतां ओल्या फडक्यानें ड्रम पुसले, आणि मुलांस दूर बसविलें.

बाजारांत ज्यास ब्रेक-ऑइल म्हणतात तें वस्तुतः तेल नव्हे. तो द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. डॉट-३ प्रतीचा द्रव नवा असतां निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पण सुमारें ३.७ टक्के पाणी मुरलें म्हणजे हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला तर ड्रम तापतात, द्रव उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ दबते म्हणून दांडी तळाला जाते, पण चाक थांबत नाहीं. शिवाय तेंच पाणी सिलिंडरला आंतून गंज चढवितें. मेस्त्र्यांनीं मास्टर सिलिंडर, रबरें व लवचिक होज पाईप नवे घातले. सुटे भाग बहुतेक कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावरील बाजारांत मिळाले. गाडी जेथें जन्मली तेथेंच तिचें औषध सांपडलें. चाकांचे सिलिंडर मात्र घांसून साफ करून पुन्हां बसविले. “टिकतात का तें पाहूं, न टिकल्यास बदलूं,” असें त्यांनीं तेव्हांच बजाविलें.

मग नळ्यांतील हवा काढण्याचें काम. तें एकट्यानें होत नाहीं, आणि त्यास मोठें कुटुंब फार उपयोगी पडतें. नवरी मुलगी चालकाच्या जागीं बसली, भाचा चाकाशीं निपलवर पाना लावून बसला, आणि धाकट्या भाच्याच्या मुलाकडे बरणींतील द्रव कमी न होऊं देण्याचें काम आलें. “दाब. धर. सोड.” असा घोष अंगणांत दोन तास चालला. मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सर्वांत दूरचें मागचें डावें चाक प्रथम, व सर्वांत जवळचें पुढचें उजवें चाक शेवटीं, असा क्रम. नळींतून बुडबुडे येणें बंद झालें, दांडी पायास घट्ट लागूं लागली, तेव्हां कोठें मेस्त्र्यांनीं चहा घेतला. भंगाराची गोष्ट काढणारा धाकटा भाचाही तोंवर बाह्या सारून ड्रम घांशीत होता.

त्यानंतर इंधनाची पाळी. प्रथम बॅटरीची तार सुटी केली. टाकी उतरवून अंगणांत मोकळ्या हवेंत आणली. देवापुढचें निरांजनही त्या दिवशीं आंतल्या खोलींत हालविलें. बारा वर्षांच्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट गाळ झाला होता, आणि तळाशीं तांबडा गंज. तो गाळ गटारांत न ओततां डब्यांत भरून ठेविला. टाकी धुवून वाळविल्यावर तींत व्हिनेगर व एक जुनी सांखळी घालून ती खूप हालविली, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुतली आणि उन्हांत कडकडीत वाळविली. इंजिनाच्या बळावर चालणाऱ्या पेट्रोल-पंपास मेस्त्री ए.सी. पंप म्हणतात, त्यांतील पडदा तडकला होता. असा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें. कार्बोरेटरचे जेट त्यांनीं तारेनें न खुपसतां हवेनें साफ केले, कारण छिद्र केसभर वाढलें तरी मिश्रण बिघडतें.

रबरी नळ्यांविषयीं एक गोष्ट जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकूं लागले, आणि २०२५ पर्यंत तें सर्वत्र झालें. १९७० च्या रबरास हा पदार्थ ठाऊक नव्हता. त्यानें जुन्या नळ्या व पडदे फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें म्हणजे अग्नीस आमंत्रण. म्हणून नळ्या व पडदा इथेनॉलास टिकणारे घेतले, आणि पंपाच्या अलीकडे एक लहानसें गाळणें बसविलें. इथेनॉल पाणीही ओढून घेतें. यास्तव अशी गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवूं नये.

चैत्रांत एके सकाळीं इंजिन सुरू झालें. शेजारीपाजारी जमले, अक्कांनीं नारळ वाढविला. गांवच्या सपाट रस्त्यावर गाडी सरळ रेषेंत थांबली, कोणत्याही बाजूस ओढली नाहीं. परंतु विवाहास आठ दिवस राहिले असतां मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या बाजूस ओल दिसली, आणि दांडी मऊ लागूं लागली. सिलिंडरच्या गंजलेल्या खळग्यांनीं नवें रबर कापलें होतें. त्या मापाचा नवा सिलिंडर लगेच मिळेना. जुन्यास आंतून नवें अस्तर बसवून आणावयाचें तर पंधरा दिवस हवे होते.

भाचा अगदीं हिरमुसला. तो म्हणाला, “अवघे वीस किलोमीटर. निघतांना द्रव भरून घेऊं, हळूं जाऊं.” मेस्त्री म्हणाले, “भरल्यानें गळती थांबत नाहीं, साहेब. घाटांत पाय तळाला गेला तर भरायला वेळ मिळत नाहीं.” सर्वांनीं अक्कांकडे पाहिलें. यजमानांची ती गाडी, आणि नातीचा तो दिवस. दोन्हींचा मोह त्यांस नसेल असें नाहीं. त्या म्हणाल्या, “भाड्याची गाडी सांगा. पोरीला मी घाटांत पणाला लावणार नाहीं.” त्यावर कोणी बोललें नाहीं. विवाहाच्या दिवशीं मुलगी शेडमध्यें गेली, गाडीस कुंकू लाविलें, आणि भाड्याच्या गाडींत बसली.

ज्येष्ठांत, पावसापूर्वीं, सिलिंडर बसला, “दाब, धर, सोड” पुन्हां झालें, आणि पंधरा दिवस गाडीखालीं कोरा कागद पसरून पाहिला. त्यावर एक थेंबही पडला नाहीं. मग एके पहाटे आम्ही सर्व ठाण्यास जाऊन आलों. परततांना भाच्यानें माथ्यावरच दुसरा गिअर घातला, इंजिनाच्याच ओढीनें गाडी रोखून धरली, आणि ब्रेक जेवढ्यास तेवढा वापरला. उजव्या हातास खाडी दिसूं लागली तेव्हां अक्कांनीं हातांतील जपमाळ पिशवींत ठेविली.

पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाड्यांस ‘विंटेज’ म्हणून नोंदविण्याचे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले आहेत. परंतु अशी नोंदणी केलेली गाडी नित्याच्या प्रवासास वापरतां येत नाहीं. म्हणून कागदांचा निर्णय घरच्या सर्वांनीं विचारपूर्वक करावा. टाकी उतरविणें, नळ्या बदलणें हीं कामें जाणत्याच्या देखरेखीखालीं घरीं होऊं शकतात. पण ब्रेकवर शेवटचा हात निष्णात मेस्त्र्याचाच असावा. घोडबंदरला जाल तेव्हां किल्ला अवश्य पाहा. आणि घरीं ताडपत्रीखालीं एखादी जुनी गाडी असेल, तर किल्ली फिरविण्यापूर्वीं अक्कांचा प्रश्न एकदां स्वतःस विचारा.