गाडीत बाळाची जागा

ज्याच्या घरात पाळणा बांधला जायचा नाही आणि ज्याच्या नावावर मोटार नाही, अशा माणसाने बाळ येण्यापूर्वी कुटुंबाने कोणती गाडी घ्यावी या विषयावर लेखणी उचलावी, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. धर्मग्रामाची एक जुनी जीप आमच्या दिमतीला असते खरी. पण ती आमची नव्हे, आणि तिच्यात बसून कोणी सुखावल्याचे अद्याप ऐकिवात नाही. तथापि गेल्या पंचवीसेक वर्षांत, रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या नव्या गाड्यांवर प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडण्याचा प्रसंग आमच्यावर इतक्या वेळा आला आहे, की आपल्या लोकांची गाडी घेण्याची रीत आम्हांला चांगलीच परिचयाची झाली आहे. पुढे फुलांचा हार, आरशाला लोंबणारी रोझरी, डॅशबोर्डवर चिकटवलेला संत ख्रिस्तोफर, आसनांवर अजून न काढलेले प्लॅस्टिक. गाडीचा धनी आम्हांला छताची सरकणारी काच दाखवितो, पुढचा चकाकता पडदा दाखवितो, नुसते बोलून गाणे लावून दाखवितो. मागचे दार उघडून आत पाहा, असे आजवर फार थोड्यांनी सांगितले. आणि पुष्कळ वेळा त्याच गाडीशेजारी उभ्या असलेल्या सूनबाईला सहावा-सातवा महिना असतो.

वसईच्या आमच्या वाड्यांमध्ये मोटार ही वस्तू तशी अलीकडची. आम्ही लहान असताना बैलगाडी, टांगा आणि एस.टी. एवढ्यावर गावाचे भागत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्या चिमुकल्या गाडीने पुढील तीस वर्षे मध्यमवर्गाला वाहिले. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्यात सहा-सात माणसे बसत असत, म्हणजे बसवली जात असत; मुले कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर. स्कूटरवर पुढे थोरला उभा आणि मागे आईच्या कुशीत धाकटे, हेही चित्र कोणाला वावगे वाटत नसे. ज्या पिढीने आपली मुले अशी वाढविली तीच आज आजी-आजोबा झाली आहे, आणि गाडीच्या खरेदीत तिच्या शब्दाला वजन असते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. त्यांचा विवाह आम्हीच लावला होता. तो अंधेरीला एका कंपनीत हिशेब पाहतो, ती परिचारिका. तिला पाचवा महिना होता. आजवर स्कूटरवर भागले. आता गाडी हवी, आणि बाळ येण्यापूर्वीच हवी, कारण एकदा बाळ आले की शोरूमच्या फेऱ्या घालायला ना वेळ उरणार, ना डोके ठिकाणावर राहणार, असे तिचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. घरात मते तीन. त्याला छताला काच असलेली उंच गाडी हवी होती. त्याच्या वडिलांना सात जणांची हवी होती, म्हणजे लग्नकार्याला सगळे एकत्र जातील. आईला कोणतीही चालणार होती; तिचा आग्रह एवढाच, की लेकरू आजीच्या मांडीवर राहील, त्याच्यासाठी वेगळी खुर्ची-बिर्ची घेऊन पैसे पाण्यात घालू नका. “फादर, तुम्हीच आईंना सांगा,” सून म्हणाली. गाडीची निवड हे निमित्त होते. ती दोघे मांडीचा निकाल लावून घ्यायला आली होती.

या मांडीविषयी आम्हांला एक गोष्ट ठाऊक होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आठ महिन्यांच्या एका मुलीला आम्ही मूठमाती दिली. गाडी फार वेगात नव्हती. आई पुढच्या आसनावर, मूल तिच्या मांडीवर. आईचा हात मोडला, गाडी चालविणाऱ्या बापाला खरचटले. शवपेटी इतकी लहान होती की बापाने ती एकट्याने उचलून आणली. दफनविधी आटोपल्यावर प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती माउली एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होती, “फादर, मी तिला घट्ट धरलं होतं.” अपघात कोणामुळे झाला हा प्रश्न पोलिसांचा होता. तिला वाटत होते, आपले हात कमी पडले.

ते हात कमी पडले नव्हते. कोणाचेही हात असते तरी तेच झाले असते, आणि हे शाळेतल्या गणिताने दाखविता येते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ती भिंतीवर आदळली की तिचा पुढचा भाग चेपत जातो आणि समजा अर्ध्या मीटरात ती थांबते. याला सेकंदाचा चौदावा हिस्सा लागतो. गाडी थांबते, आतले माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला गाडीबरोबर थांबवायचे तर त्याच्या वजनाच्या वीसपट जोर हवा. पाच किलोचे बाळ त्या क्षणी शंभर किलोचे होते. शंभर किलोचे पोते एवढ्या वेळात झेलून धरील अशी आई पृथ्वीच्या पाठीवर नाही. आईने स्वतःचा पट्टा लावला नसेल तर तीही फेकली जाते, आणि तिचा सगळा भार बाळावर येतो. एकच पट्टा दोघांवरून घेतला तर बाळ पट्टा आणि आई यांच्यामध्ये चिरडते. हाच वेग उंचीत मोजला तर तो दहा मीटरांवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतका होतो. त्या गच्चीच्या कठड्यावर नातवंडाला मांडीवर घेऊन कोणती आजी बसेल?

संत ख्रिस्तोफरची कथा आपल्या लोकांना ठाऊक आहे. वाटसरूंना नदीपार नेणारा तो धिप्पाड माणूस एका बालकाला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरतो, आणि पावलागणिक ते बालक जड होत जाते, इतके की अवघे जग आपल्या खांद्यावर आहे असे त्याला वाटू लागते. १९६९ साली सार्वत्रिक उपासना-दिनदर्शिकेतून त्याचा सण वगळला गेला, तरी प्रवाशांनी त्याला डॅशबोर्डवरून हलविलेले नाही. त्या कथेचा अर्थ निराळा आहे हे आम्ही जाणतो. परंतु त्याची प्रतिमा गाडीत लावणाऱ्याने, बालक जड होते, एवढे तरी तिच्यात वाचावे.

हे सगळे आम्ही त्या सासूबाईंना त्यांच्याच ओटीवर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “फादर, आम्ही पाच पोरं मांडीवरच वाढवली.” त्यांचे खरे होते. ज्यांचे मूल मांडीवरून गेले त्या बायका हे वाक्य बोलत नाहीत, एवढेच. मग आम्ही चारोटीचा दाखला दिला. आपल्याच पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दगावले. दोघेही मागे बसले होते, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसले की निर्धास्त, ही समजूत त्या दिवशी मोडायला हवी होती. सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. चहा मात्र आणला.

आता ती खुर्ची. मोटारीतला आजचा तीन बिंदूंचा पट्टा व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना खुले ठेवले. पण तो पट्टा मोठ्यांच्या खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांवर बेतलेला आहे. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या पाव हिश्शाएवढे असते आणि मान कोवळी. १९६० च्या दशकात स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी, अंतराळवीर पाठीवर रेलून उड्डाणाचा दाब कसा सोसतात हे पाहून, बाळाला गाडीत पाठमोरे बसविण्याची कल्पना काढली. गाडी अचानक थांबली तर पाठमोरे बाळ पुढे फेकले न जाता खुर्चीच्या पाठीत रुतते. डोके, मान आणि पाठ यांवर भार एकाच वेळी वाटला जातो. म्हणून पहिले वर्ष तरी, आणि खुर्चीच्या मापात बसेल तोवर पुढेही, बाळ पाठमोरेच असावे. अशी खुर्ची पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना कदापि ठेवू नये. तो फुगा पापणी लवण्याच्या आत फुगतो आणि थेट बाळाच्या डोक्यामागे आदळतो.

एकदा हे मान्य केले की गाडीची निवड मागच्या आसनापासून सुरू होते, आणि घरातली पुष्कळशी भांडणे आपोआप मिटतात. त्या जोडप्याला आम्ही सुचविले, की आधी खुर्ची पसंत करा आणि ती घेऊन शोरूममध्ये जा. विक्रेते प्रथम हसले म्हणे. पाठमोरी खुर्ची पुष्कळ जागा खाते. ती बसविल्यावर पुढचे आसन इतके सरकवावे लागले, की ज्या गाडीवर चिरंजीवांचा जीव जडला होता तिच्यात त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. सात जणांच्या गाडीत निराळीच अडचण: खुर्ची मधल्या रांगेत बसवली की तिसऱ्या रांगेकडे जाण्याची वाट अडते, आणि तिसरी रांग उघडली की डिकी उरत नाही. सीएनजीचे म्हणाल तर, आमच्या भागात तो स्वस्त पडतो म्हणून सगळ्यांना हवा असतो. पण एकच मोठी टाकी असेल तर ती डिकी व्यापते, आणि बाळाची बॅग, दुपटी, बाबागाडी कुठे ठेवायची हा प्रश्न घरी आल्यावर उभा राहतो. काही गाड्यांत आता दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसविलेल्या असतात, त्या पाहाव्यात.

आसन आणि पाठ यांच्या बेचक्यात बोट घातले तर पोलादाच्या दोन कड्या हाताला लागतात. त्यांना आयसोफिक्स म्हणतात, आणि खुर्ची त्यांत खटकन अडकते. जुनी गाडी घेणाऱ्याने निराश होऊ नये. पट्ट्याने बांधायच्या खुर्च्याही मिळतात, फक्त त्या नीट आवळण्याची मेहनत घ्यावी लागते. दार रुंद उघडते की नाही हे शोरूमच्या मोकळ्या अंगणात कळत नाही. आमच्या गल्ल्यांत एका अंगाला कुंपणाची भिंत आणि दुसऱ्या अंगाला बावखल. तिथे ते पाहावे. पोटावर टाके असलेल्या बाईला फार खाली वाकावे लागू नये आणि फार वर चढावेही लागू नये, ही सूचना त्या परिचारिकेची. आम्हांला ती सुचली नसती.

कायदाही आता याच बाजूचा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल तर हजार रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांची सुरक्षा-परीक्षा देशात सुरू झाली. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे वेगळे आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे. मुलांसाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे मागे बसवून गाडी आदळविली जाते. जाहिरातीत पहिले तारे ठळक असतात. हे दुसरे विचारून घ्यावेत. परीक्षा ऐच्छिक आहे, म्हणून प्रत्येक गाडीचा निकाल मिळेलच असे नाही.

पैशांविषयी थोडेसे. छताच्या काचेसाठी वरच्या प्रतीची गाडी घ्यावी लागते आणि त्यासाठी जी जादा रक्कम पडते, तिच्यात बाळाची चांगली खुर्ची येऊन वर काही उरते. चिरंजीवांनी हा हिशेब स्वतःच मांडला, आणि काच गेली. थोडे वाईट वाटले त्यांना. आम्हांलाही वाटले, तारुण्यात आकाश पाहावेसे वाटणे काही पाप नव्हे.

ऑगस्टमध्ये मध्यम उंचीची, पाच जणांची, सहा एअरबॅगांची एक साधी गाडी चर्चच्या आवारात आली. या वेळी मागचे दार आम्हीच उघडायला सांगितले. खुर्ची बसविलेली होती. सासूबाई म्हणाल्या, तिच्यावरही पाणी शिंपडा. ऑक्टोबरात मुलगी झाली आणि इस्पितळातून घरी येतानाच पाठमोरी बसून आली. लांब जायचे असेल तर ती मंडळी दर दोन तासांच्या आत गाडी थांबवून तिला बाहेर घेतात, कारण तान्ह्या जिवाने त्या वाकलेल्या स्थितीत फार वेळ झोपू नये. आणि उन्हात बंद गाडीत तिला क्षणभरही एकटी ठेवत नाहीत. आजी शेजारी बसतात. पुढे बसणाऱ्यांना नातीचा चेहरा दिसत नाही, तो आपल्याला एकटीलाच दिसतो, ही गोष्ट त्यांना मनापासून पटली आहे.

स्वतःचा पट्टा लावायला मात्र त्या राजी नव्हत्या. लुगडे चुरगळते, असे कारण. पट्टा न लावलेले शेजारचे माणूस आपटते ते बाळावरच, हे त्यांना दोनदा सांगून झाले होते. गेल्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही फाटकाशी उभे होतो. सून गाडी चालवीत होती. फाटकातच तिने गाडी थांबविली, मागे मान वळविली आणि काही न बोलता सासूकडे पाहत राहिली. मागे दोन गाड्या खोळंबल्या, एकाने भोंगा वाजविला. मग गाडी पुढे सरकली.