पेटीत मावतील तेवढे मित्र

लग्नाची सुपारी फुटली की आमच्या भागात पहिलं काम याद्यांचं. किराण्याची यादी, मानपानाची यादी, टॉवेल-टोप्यांची यादी आणि सगळ्यांत धोक्याची म्हणजे पत्रिकेत छापायच्या नावांची. तिच्यात एखादा चुलता राहिला तर तो मांडवात येतो, जेवतो, आहेर करतो आणि मरेपर्यंत ते बोलून दाखवतो. या सगळ्याची मला सवय आहे. यंदा मात्र घरच्या लग्नात एक यादी अशी आली की मी तिच्यापाशी अडलो. पुतण्याला मित्रांना द्यायला सिगार हवे होते.

पुतण्या न्यू जर्सीत असतो. तिकडच्या लग्नांत नवरदेवाचे निवडक मित्र एकसारखे सूट घालून त्याच्या शेजारी उभे राहतात आणि जेवणं आटोपली की नवरदेव त्यांना एकेक सिगार देतो. मूल झाल्यावर बापानं सिगार वाटायचीही तिकडे जुनी रीत आहे. आपण पेढे वाटतो, ते सिगार वाटतात. हे त्यानं तिकडे पाहिलं, त्याला आवडलं. पण त्याचं स्वतःचं लग्न भांडगावात, पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात, ऐन मे महिन्यात.

"काका, पाच जण आहेत," तो फोनवर म्हणाला. "दोघं इकडून येणार, दोघं कॉलेजचे, एक आपला गावातला. चांगलेसे पाच सिगार सांगा. तुम्हाला कळतं त्यातलं."

मला त्यातलं कळतं अशी घरात समजूत आहे. पुण्याच्या कॅम्पात नोकरीला असताना आमचे साहेब पारशी होते आणि ते नवरोजला हाताखालच्यांना सिगार देत, एवढंच तिचं भांडवल. तरी विचारलंच आहे तर सांगतो, म्हणून सांगितलं.

विडीला बाहेरून टेंभुर्णीचं पान असतं, सिगारेटला कागद. सिगार आतबाहेर तंबाखूच असतो. मधे भरणीची पानं, ती आवळून धरणारं एक जाड पान आणि वरून गुंडाळलेलं नितळ, शिरा न दिसणारं एक पान. या वरच्या पानाच्या रंगावर नवख्यानं जावं. फिकट तपकिरी पान बहुधा सौम्य. अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात अशी पानं शेतावर पातळ कापडाचा मांडव घालून सावलीत वाढवतात. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पन्नास आकडा म्हणजे पाऊण इंचाहून थोडा जास्त. पाच इंच लांब आणि पन्नास जाडीचा सिगार ओढायला पाऊण ते एक तास घेतो. धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात खेळवून सोडायचा. उपाशीपोटी ओढला तर निकोटिन चढतं आणि घेरी येते. वऱ्हाडाच्या धावपळीत सकाळपासून चहावर असलेल्या मुलाच्या हातात तो देऊ नये.

दुसरी अडचण हवेची. सिगारला पासष्ट-सत्तर टक्के ओलावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वारा असा सुटतो की दोरीवरचा फेटा वाळायला पाच मिनिटं पुरतात. त्या हवेत उघडा ठेवलेला सिगार दुसऱ्या दिवशी कडेला तडकतो आणि पेटवला की कागदासारखा भडाभडा जळतो. शिवाय तंबाखूत बारीक किड्यांची अंडी राहिलेली असतात, ती उकाड्यात फुटतात आणि वरच्या पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. तेव्हा गाडीच्या डिकीत पेटी ठेवायची नाही. हवाबंद डबा, त्यात ओलावा राखणारी पुडी, आणि डबा घरातल्या थंड खोलीत.

"क्यूबन मिळतील का?" हा त्याचा पुढचा प्रश्न. अमेरिकेतून येणाऱ्यांचा जीव क्यूबनमध्ये का अडकतो, याला कारण आहे. 1962 साली केनेडींनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली, ती तिथं अजून आहे. सही करायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावून जमतील तितके क्यूबन सिगार गोळा करायला सांगितलं. सॅलिंजरनी रातोरात बाराशे जमवले, मग सही झाली. हे सॅलिंजर यांनीच पुढे लिहिलं आहे. आपल्याकडे क्यूबन विकायला बंदी नाही, पण एका नगाला काही हजार मोजावे लागतात आणि नकली मालही पुष्कळ. पहिल्यांदाच ओढणाऱ्या पोरांना त्यात काय कळणार! तमिळनाडूत दिंडीगुल-त्रिची भागात वळतात ते चिरूट त्यामानानं फारच स्वस्त. त्रिचीचे चिरूट एके काळी विलायतेत इतके ठाऊक होते की शेरलॉक होम्सच्या 1887 सालच्या पहिल्याच कथेत तो नुसत्या राखेवरून ते ओळखतो. पुतण्याला चिरूट हा पर्याय पसंत पडला नाही. फोटोत चांगले दिसत नाहीत म्हणाला.

इथवर सगळं सोपं होतं. मग मी विचारलं, गावातला एक म्हणजे कोण? त्यानं नाव सांगितलं. आणि बाकीचे?

आमच्याकडे नवरदेवाच्या मित्राला लग्नात काही हुद्दा नसतो. करवली असते, तिचा मान असतो, तिला साडी असते. मामाचा मान, आत्याचा मान, फुईभाव्याचासुद्धा. मित्राला मान नाही, काम आहे. हळदीच्या आदल्या रात्री मांडवाचे वासे रोवायला, आचाऱ्याला लाकडं फोडून द्यायला, पाण्याचा टँकर आणायला आणि दुपारी पंगतीत वाढायला तोच. परवापरवापर्यंत कार्यालयं नव्हती. शाळेच्या पटांगणात पंगती बसायच्या. बाही वर सरकवून, एका हातात आमटीची बादली आणि दुसऱ्या हातात वगराळं घेऊन वाकत वाकत जाणारी वीस-पंचवीस पोरं, हेच नवरदेवाचे मित्र. शेवटच्या पंगतीला ती स्वतः बसायची, तेव्हा बुंदी संपलेली असायची आणि मठ्ठा कोमट झालेला. त्यातली निम्मी भावकीतली, उरलेली आळीतली. 'हे पाच माझे' असं त्यातून नवरदेवानं कधी वेगळं काढलं नाही, कारण उद्या त्याच पोरांच्या लग्नात बादली त्याच्या हातात येणार असायची.

त्यांच्यासाठी म्हणून जे होतं ते तबकात. हे तबक मी चांगलं पाहिलं आहे, माझ्याच हातात असायचं. पितळी, काठाला थोडं चेपलेलं. मधोमध ओल्या फडक्यात पानं, त्यावर अडकित्ता. चुन्याची डबी, काताचे खडे, लवंगा, फोडलेली सुपारी. कडेनं विडीचे कट्टे सोडून ठेवलेले आणि दोन-तीन काडेपेट्या. सोयऱ्यांत कोणी मास्तर, तलाठी किंवा कारखान्याचा संचालक असेल तर सिगारेटचं पाकीट, तेही फोडून, दोन सिगारेटी अर्ध्या बाहेर ओढलेल्या. म्हातारी माणसं एक विडी ओठात धरायची, एक कानावर ठेवायची आणि तिसरी कोपरीच्या खिशात टाकायची, आणि तबक धरणाऱ्या पोराकडे बघायचीही नाहीत. कोणी किती घेतलं हे मोजायचं नसतं, असं आजीनं बजावलं होतं.

त्या तबकाचे फार गोडवे गाऊ नयेत. ते आधी व्याह्यांपुढे जायचं, मग पाहुण्यांपुढे, आणि कोणापर्यंत जायचंच नाही हेही गावाला ठाऊक असायचं. बायकांच्या बाजूला हळदीकुंकू जायचं, विडी-काडी नाही. मागच्या अंगाला चुलीवर तव्यात तंबाखू भाजून मशेरी व्हायची, तिचा खाट नाकात गेला की आम्ही पोरं शिंकत पळायचो. कामाला आलेल्या बायका बोटावर घेऊन ती दाताला लावत गप्पा मारायच्या. त्यांचं तबक ते.

तंबाखू आमच्या भागात पिकत नाही. आमचं पीक ऊस. भांडगाव-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं चालतात, काहिलीखालच्या जाळापाशी विडीला काडी लागत नाही. तंबाखू यायची निपाणीकडून; त्याच निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी 1981 साली शरद जोशींबरोबर रस्ता अडवला होता आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले होते. विडीचं पान विदर्भातल्या जंगलातून, वळणारे हात सोलापूर-सिन्नरच्या बायकांचे. चघळायची पुडी संगमनेरची. तळहातावर चिमूट घेऊन, नखानं चुना लावून, अंगठ्यानं मळायची, दोन टिचक्या मारून धूळ उडवायची आणि शेजारच्यापुढे हात करायचा. आमच्याकडे ओळख नसलेल्या दोन माणसांचं बोलणं अजूनही असंच सुरू होतं. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ओढणारे 3.8 टक्के निघाले आणि बिनधुराची घेणारे 24.4 टक्के. आपलं राज्य ओढत नाही, चघळतं. आणि त्याची किंमत परळच्या टाटा रुग्णालयात जबडा काढलेल्या माणसांच्या रांगेत दिसते. आमच्या भावकीतलेही त्या रांगेत बसून आलेत. सिगारचा धूर छातीत जात नाही म्हणून तो निर्धोक, असं पुतण्यानं मला सांगून पाहिलं. तोंडाचा कर्करोग व्हायला धूर छातीत जावा लागत नाही.

आणखी एक गंमत त्याच्या ध्यानात आली नव्हती. आमच्याकडे पन्नाशीचा बाप्या, नातवंडं झालेला, वडील समोरून येताना दिसले की विडी उलटी करून मुठीत झाकतो, निखारा तळहाताकडे. हात पोळला तरी चालेल. सिगार मुठीत झाकता येत नाही आणि दोन झुरक्यांत विझवून कोनाड्यातही ठेवता येत नाही. तासभर कुठं लपणार ही पोरं? कार्यालयाच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे? खाली हजार-दीड हजार माणूस, त्यात त्याचे तिन्ही चुलते, दोन मामा आणि ज्यांनी त्याला सहावीत छडीनं मारलं ते गुरुजी.

फोटोग्राफरनं यावर तोड काढली होती म्हणे. सिगार पेटवायचेच नाहीत. फेटे, गॉगल, ओठात सिगार, सहा जण चालत येतायत, मागून धुराचं यंत्र धूर सोडतंय. दोन मिनिटांचं काम. यंत्राचा धूर जास्त चांगला दिसतो, असंही तो म्हणाला. मला ते ऐकून पहिल्यांदा सिगारची दया आली.

सिगारमध्ये देण्यासारखं काही असेल तर तो तास आहे. आमच्या लग्नांत नवरदेवाला मित्रांबरोबर बसायला दहा मिनिटं मिळत नाहीत. सकाळी मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत, मग फेटा, मग आमदार-सभापतींचे शुभाशीर्वाद, त्यात मुहूर्त टळलेला. अक्षता पडल्यावर स्टेजवर दोन तास उभं राहून आहेर आणि फोटो. बादली घेऊन वाढणारी पोरंही आता नाहीत, केटररचे गणवेशातले वाढपी आहेत आणि ते ताट मोजून पैसे घेतात. म्हणजे मोजामोज काही सिगारनं आणली नाही, ती आधीच आलेली आहे. मित्राच्या हातचं काम गेलं, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. ती रिकामी जागा पुतण्याला जाणवली आणि न्यू जर्सीत पाहिलेली वस्तू त्यानं तिथं ठेवायला घेतली. त्याची चूक नाही.

पण पेटी आली की आकडा येतो. पाचांना दिला की सहावा ठरतो. भांडगावात सहावा कोण, सातवा कोण, हे मला नावानिशी सांगता येईल. एकानं याच्या बापाच्या दवाखान्यात चार रात्री काढल्यात, हा तिकडे असताना. दुसरा अजूनही त्यांच्या उसाला रात्रीची वीज असते तेव्हा मोटार चालू करायला जातो. त्यांना सिगार नको आहे, मिळाला तरी ते तो तोंडात धरणार नाहीत. पण पाचांना मिळाला आणि आपल्याला नाही, हे त्यांना दिसणारच. पत्रिकेत नाव राहिलेल्या चुलत्याची गोष्ट होते ती अशीच.

मी त्याला सांगितलं ते असं. सिगार घेणारच असशील तर सौम्य घे, पाच इंची, फिकट पानाचा, पाचच घे, आणि ती पेटी पुण्यातच ठेव. तिकडचे मित्र हॉटेलात उतरणार आहेत. लग्नाच्या दोन दिवस आधी तिथं जेवणानंतर तुम्ही सहा जण बसा, ज्याला नको त्याला आग्रह नको, आणि फोन खिशात. भांडगावात पेटी आणायची नाही. इथं हळदीच्या रात्री मांडवात तबक फिरव, स्वतःच्या हातानं. विडीचा कट्टा नाही, तंबाखूची पुडी नाही, नुसते विडे. कात, चुना, गुलकंद, बडीशेप, लवंग टोचून. सगळ्यांत आधी पोरांच्या घोळक्यात जा, सोयऱ्यांकडे नंतर. मग कार्यालयाच्या पायरीवर त्यांच्यात बस, कोणी बोलवायला आलं तरी लगेच उठू नकोस.

तो 'बघतो' म्हणाला. मित्रांच्या एकसारख्या कुडत्यांची ऑर्डर गेली आहे, ती पाचांचीच आहे, त्याला आता इलाज नाही. विड्यांचं माझ्याकडे आलं. कोणाच्या घरी मे महिन्यात लग्न असेल तर एवढं ध्यानात ठेवा: पानवाल्याला चार दिवस आधी सांगा आणि विडे त्याच संध्याकाळी लावून घ्या. सकाळी लावलेला विडा रात्रीपर्यंत काळा पडतो.