पायवाट अडली की सहा महिने मोजायला लागा

पोस्ट जरा लांब आहे, पण वाचाच.

मागच्या रविवारी बीडहून कपिलधारला एकटाच पायी गेलो. नवस नाही, दिंडी नाही, चालायचं म्हणून चाललो. हायवेनं वीसेक किलोमीटर पडतं. पण मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकच्या कडेनं चालायचं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ठरवलं, पालीपर्यंत रस्ता आणि पुढं डोंगरातली जुनी पायवाट.

पहाटे पाचला निघालो. खजाना विहिरीपाशी उजाडलं. ही विहीर निजामशाहीच्या काळात राजा भास्करनं बांधलेली. हिचं पाणी पंपाशिवाय, जमिनीखालच्या बोगद्यातून शेतांना जायचं. साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याकडं एवढी अक्कल होती!

पाली मागं टाकली, बिंदुसरा तलावाला वळसा घातला आणि चढ लागला. दोन्ही बाजूंनी सीताफळं. बीडच्या सीताफळाला 2016 साली जीआय मानांकन मिळालं, पण इथं ती अजूनही कुणी न लावता खडकातच येतात. कुसळं पायजम्यात घुसत होती, मोर ओरडत होते, माणूस कुठंच नाही. तासभर असा गेला की मोबाईल बघायची आठवणसुद्धा झाली नाही.

मग वाट संपली. समोर तारेचं कुंपण, त्याच्या अलीकडं जेसीबीनं खोदलेला खोल चर. पलीकडं तीच वाट पुढं जाताना दिसत होती.

मला काय, मी हौशी माणूस. उघड्या खडकावरून वळसा घातला. त्यात दीड-दोन तास गेले, पाय मुरगळला, दोन्ही बाटल्या संपल्या. एकच्या उन्हात एका वस्तीवर पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती.

एका मावशीनं तांब्या दिला. "गाडी बंद पडली का?"

"नाही मावशी, चालतच निघालोय."

"कशापायी?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. मग कुंपणाचा विषय काढला. मावशी म्हणाल्या, "आमचं रान त्याच्या पल्याड हाय. पयले धा मिनिटांत जायचो. आता डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन समदा डोंगर फिरून यावं लागतंय."

"तक्रार केली का?"

"कवा करावं? दिवाळी झाली की कारखान्याला जायचं. उचल घेतलीय. आल्यावर बघू."

ते "आल्यावर बघू" डोक्यात घेऊनच कपिलधारला पोचलो. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं, धबधब्याखाली सुजलेला पाय धरून बसलो. कार्तिकी पौर्णिमेला इथं हजारो लोक चालत येतात. त्या दिवशी मी एकटाच होतो, आणि डोक्यात मावशी.

घरी येऊन कागद चाळले. शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो. तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

आता हिशोब करा. कोयता दिवाळीनंतर जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. म्हणजे वाट अडवणाऱ्याला फार काही करायची गरजच नाही, फक्त गाव रिकामं व्हायची वाट बघायची. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला जातात. त्यांचे किती बांध, किती वाटा अशा मुकाट्यानं गेल्या असतील?

मावशींकडं परत जाणार आहे. कारखान्याला निघायच्या आत अर्ज लिहून द्यायचाय. तुम्हीही एवढं करा. तुमच्या गावचा नकाशा काढून बघा. एक तुटक रेष असेल तर ती पायवाट, दोन तुटक रेषा असतील तर गाडीवाट. मग त्या वाटेनं एकदा चालून या. अडलेली दिसली तर फोटो काढा, तारीख लिहा आणि ज्याचं रान पलीकडं आहे त्याला आजच सांगा, "आल्यावर" नाही.

हौसेनं चालणाऱ्याला एक वाट बंद झाली तर दुसरी सापडते. डोक्यावर भारा असणाऱ्याला तीच लागते.