पाण्याला वाट हवी

आईचे गुडघे दुखायला लागले. गॅसवर तापवलेलं पातेलं उचलून न्हाणीघरात नेणं तिला झेपेना, म्हणून आम्ही प्रतापनगरच्या जुन्या घरात पंचवीस लिटरचा विजेचा गिझर आणला. बडोद्याची थंडी डिसेंबर-जानेवारीपुरतीच, पण म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यातही पहाटे गरम पाणी लागतंच. खोकं उघडल्यावर टाकी, दोन बोल्ट आणि मुठीत मावेल असा पितळी व्हॉल्व्ह एवढंच निघालं. गिझर नीट बसला की नाही हे या सगळ्यात लहान वस्तूवर ठरतं, हे मला ठाऊक होतं. ते अण्णांमुळे.

माझे वडील, अण्णा, इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. गायकवाडांच्या बडोदा स्टेट रेल्वेपासून चालत आलेलं हे वर्कशॉप. डभोईकडे जाणाऱ्या अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीची इंजिनं तिथे दुरुस्त होत. बॉयलरबद्दल ते आम्हा मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: बंद भांड्यात पाणी तापवायचं असेल तर आधी त्याच्या बाहेर पडण्याची सोय बघायची, मग विस्तव पेटवायचा.

आमच्या घरी तेव्हा तांब्याचा बंब होता. मधून धुराची नळी, खाली निखारे, एका अंगाला तोटी आणि वर नुसतं ठेवलेलं झाकण. बंबात पाणी कितीही उकळलं तरी वाफ झाकण ढकलून निघून जायची. दाब साठायला तिथे जागाच नव्हती. गिझरचं तसं नाही. त्याची टाकी चारी बाजूंनी बंद, आणि काठोकाठ भरलेली. पंचवीस अंशांचं पंचवीस लिटर पाणी पंचाहत्तर अंशांपर्यंत तापलं की ते अर्ध्या लिटरहून थोडं जास्त फुगतं. हे जास्तीचं पाणी कुठेतरी जायला हवं. पाणी दाबून लहान होत नाही. वाट मिळाली नाही तर ते टाकीलाच ताणतं.

प्लंबर आला तो तरुण, हाताने चलाख. सोबत एक शिकाऊ मुलगा. त्यांनी आधी भिंत ठोकून पाहिली, कारण भरलेल्या गिझरचं वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जातं. गिलावा भुसभुशीत निघाला. त्यांनी जागा हातभर सरकवली आणि पक्क्या विटेत अँकर बोल्ट बसवले. मग जुनी लोखंडी पाइपलाइन उघडी सोडून दोन बादल्या पाणी वाहू दिलं. पहिल्या बादलीत गंजाचा तांबडा गाळ आला. हा गाळ व्हॉल्व्हमध्ये गेला असता तर त्याची स्प्रिंग पहिल्याच महिन्यात अडकली असती. हे काम त्याने न सांगता केलं, म्हणून त्याच्याबद्दल आदर वाटला.

त्यानंतर पितळी व्हॉल्व्ह. टाकीला दोन तोंडं असतात: निळ्या कडीचं थंड पाण्याचं, लाल कडीचं गरम पाण्याचं. व्हॉल्व्ह निळ्या तोंडाला, अंगावरचा बाण टाकीकडे करून बसवायचा. या एका तुकड्यात दोन कामं असतात. पहिलं, टाकीत गेलेलं पाणी परत लाइनमध्ये येऊ द्यायचं नाही. नाहीतर गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गिझरही रिकामा होईल आणि कोरडं कॉइल जळेल. दुसरं, दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की बाजूच्या छोट्या तोंडातून पाणी बाहेर सोडायचं. पहिलं काम दुसऱ्याची गरज वाढवतं. नुसती साधी लाइन असती तर फुगलेलं पाणी मागे सरकून गच्चीच्या टाकीकडे गेलं असतं. परतीचा रस्ता आपणच बंद केला, म्हणून बाजूचं तोंड उघडं राहायलाच हवं.

थंड पाण्याचा कॉक व्हॉल्व्हच्या अलीकडे, लाइनच्या बाजूला बसवला. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कॉक कधीच नको. कोणी चुकून तो फिरवला तर टाकी सुरक्षा-व्हॉल्व्हपासूनच तुटते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली. गरम बाजूला सीपीव्हीसीचा पाइप घेतला, जो ९३ अंशांपर्यंत टिकतो. थंड पाण्याचा साधा पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो, पण गरम पाण्याने मऊ होऊन वाकतो आणि सांध्यातून सुटतो. टाकीजवळचे आटे पितळेचेच ठेवले.

सगळं जुळल्यावर प्लंबरने व्हॉल्व्हच्या बाजूच्या तोंडासाठी खिशातून एक छोटं बूच काढलं. "बेन, आ टपकशे. भिंत खराब होईल, मी बंद करून टाकतो." आसपासच्या घरांत हे बूच मी पाहिलेलं होतं. पाणी ठिबकतं, फरशी ओली होते, लोक तक्रार करतात. मग प्लंबर तक्रारच बंद करतो.

मी म्हटलं, "भाई, ते टपकायलाच हवं." आणि त्यांना चहा देताना अण्णांनी सांगितलेली हकीकत सांगितली. १८३१ साली अमेरिकेत, दक्षिण कॅरोलिनात, 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचं वाफेचं इंजिन चालत असे. सुरक्षा-व्हॉल्व्हमधून सुटणाऱ्या वाफेचा फुसफुस आवाज आगवाल्याला नकोसा झाला. त्याने व्हॉल्व्हचा दांडा दाबून धरला. आवाज थांबला आणि थोड्या वेळात बॉयलर फुटला. त्यात तो आगवाला गेला.

शिकाऊ मुलाने विचारलं, गिझरमध्ये तर थर्मोस्टॅट असतो ना? असतो, आणि त्याच्या मागे कटआउटही असतो. पण दोन्ही विजेचे भाग, कधीतरी चिकटू शकतात. मग कॉइल तापतच राहतं. दाबाखालचं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. आमच्या गिझरच्या पट्टीवर ८ बार दाब लिहिला आहे. तेवढ्या दाबाला पाणी सुमारे पावणेदोनशे अंशांपर्यंत पाणीच राहतं. त्या अवस्थेत टाकी फाटली की दाब एकदम सुटतो आणि पाण्याच्या काही भागाची त्याच क्षणी वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. न्हाणीघराची भिंत त्यापुढे टिकत नाही.

प्लंबरने बूच परत खिशात ठेवलं. भिंतीचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचं उत्तर त्यानेच काढलं. व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडाला गरम पाणी सोसणारी नळी लावली, सतत उतार ठेवून भिंतीलगत खाली आणली आणि मोरीच्या जाळीवर उघडी सोडली. मध्ये कॉक नाही, वळसा नाही. टोक जमिनीजवळ, म्हणजे कढत पाणी कुणाच्या अंगावर येणार नाही. आणि डोळ्यांसमोर, म्हणजे ठिबकतंय की धार लागली आहे ते रोज दिसेल. तापताना थेंब पडणं ठीक. बटण बंद असूनही सतत धार लागली तर लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह बिघडला आहे, असं समजून माणूस बोलवायचा.

बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडला. आधी हवा फसफसत आली, मग तुटक पाणी, मग सलग धार. धार सलग झाली म्हणजेच टाकी भरली. प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. विजेचं काम वायरमनने केलं: दोन किलोवॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, म्हणून स्वतंत्र सोळा अँपिअरचा प्लग, तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी.

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजव्याच्या सरोवराचं पाणी मिळतं, पण टंचाईत बोअरचं जड पाणी गच्चीवर चढतं. त्याचा क्षार कॉइलवर बसतो आणि व्हॉल्व्हच्या तोंडातही. म्हणून काही महिन्यांनी, वीज बंद करून आणि पाणी निवल्यावर, व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलून पाणी सुटतं का ते मी पाहते. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. तो सर्व्हिसच्या वेळी काढून दाखवायला सांगते.

शेजारणी विचारतात तेव्हा मी गिझर कुठल्या कंपनीचा घ्यावा ते सांगत नाही. निळ्या कडीखाली पितळी व्हॉल्व्ह आहे का, त्याचं बाजूचं तोंड उघडं आहे का, आणि त्याची नळी मोरीपर्यंत गेली आहे का, एवढं बघा म्हणते. बूच दिसलं तर गिझर बंद करा, पाणी थंड होऊ द्या आणि प्लंबरकडून ते काढून घ्या. एका नळीचा खर्च आहे; घरातल्या माणसांसाठी तो टाळू नये.