कोणत्या सालची पिकअप घ्यावी?

संत्र्याची तोड सुरू झाली की तिवसा, मोर्शी, वरूड या पट्ट्यात पिकअपचं भाडं चढतं. आंबिया बहाराच्या दिवसांत तर गाडी मिळणंच मुश्कील होतं, आणि झाडावरचा माल कुणासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही घरची पिकअप घ्यायचं ठरवलं. नवी परवडणारी नव्हती, त्यामुळे अमरावती, वर्धा, नागपूरकडे जुन्या गाड्या पाहत फिरलो. बोलेरो पिकअप, टाटा २०७, योद्धा, दोस्त असं बरंच काही समोर आलं. विकणारा प्रत्येक जण आधी सालच सांगायचा: "सतराची आहे", "वीसची आहे". साल जितकं अलीकडचं, तितकी किंमत चढी.

गावातल्या मिस्तरींना सोबत घेतलं, तेव्हा या सालाचा अर्थ कळला. ते म्हणाले, "भाऊ, नुसतं साल काय पायता? पंप कोनता हाय, थे पाहा."

धुराच्या नियमांनी या गाड्यांचे तीन काळ पाडले आहेत. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. बीएस-३ काळातल्या बहुतेक पिकअपमध्ये डिझेलचा यांत्रिक पंप असतो. तो तालुक्याच्या गावीही दुरुस्त होतो. बीएस-४ मध्ये कॉमन रेल आणि सेन्सर आले. गाडी ओढीला चांगली आणि धूर कमी, पण पाणी किंवा कचरा असलेलं डिझेल इंजेक्टरला सोसत नाही. बीएस-६ मध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगात पळावी लागते. नागपूर महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीला ते जमतं. शेत ते गाव आणि गाव ते बाजार एवढंच फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते, आणि मग स्कॅनर असलेलं वर्कशॉप गाठावं लागतं.

"सतराची" म्हणून दाखवलेल्या गाडीजवळ मिस्तरी जास्त वेळ थांबत. त्याला कारण आहे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली. उरलेल्यांपैकी बऱ्याच गाड्या दोन दिवसांत मोठ्या सवलतीनं विकल्या गेल्या. त्यामुळे नोंदणी २०१७ ची, पण गाडी २०१६ ला बनलेली, असं सहज सापडतं. २०२० चंही तसंच. टाळेबंदीच्या आसपास विकलेल्या काही बीएस-४ गाड्यांची नोंदणी नंतर झाली. म्हणून आरसी बुकावर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दोन्ही वाचायचं. बहुतेक कंपन्यांच्या सतरा अक्षरी चेसीस नंबरात दहावं अक्षर सालाचं असतं: जी म्हणजे २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०. चेसीसवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

नियम बदलल्यानंतरची पहिली खेप मिस्तरी शक्यतो टाळतात. नवी यंत्रणा रस्त्यावर आली की तिच्या खोडी कळायला आणि गॅरेजवाल्यांचा हात बसायला वर्षभर जातं. त्यांच्या या हिशेबानं २०१८ आणि २०१९ ची बीएस-४ गाडी आमच्या कामाला योग्य ठरत होती. कॉमन रेल तोवर सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं आणि जाळीची कटकट नव्हती.

पण एकाच सालच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हेही त्यांनीच दाखवलं. "गाडीत काय भरत होते, थे इचारा पयले." ओली रेती वाहिलेल्या गाडीचा हौदा खालून सडलेला असतो. कोंबड्या वाहिलेल्या गाडीचा पत्रा विष्ठेनं खाल्लेला असतो. जादा भर सोसलेल्या गाडीला मागं एखादा पाटा वाढवलेला दिसतो, चेसीसवर वेल्डिंग दिसतं, टायर एका बाजूनं झिजलेले असतात. एक गाडी वरून चकचकीत होती, पण हौद्याखालच्या आडव्या पट्टीला नवा रंग होता. मिस्तरींनी तो खरवडला तर आत वेल्डिंग निघालं. आम्ही ती सोडली.

इंजिन थंड असतानाच पाहायचं. मालकानं आधीच सुरू करून ठेवलं असेल तर ते थंड होईस्तोवर थांबायचं. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढायचं. आतून जोरानं हवा मारत असेल तर रिंगा-पिस्टनची झीज समजायची. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चावी फिरवली की इंजिनचा दिवा लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर दोष लपवायला तो बंद केलेला असू शकतो. शेवटी भर टाकून, दुपारच्या उन्हात गाडी चालवायची. आमच्याकडच्या मे महिन्यात रेडिएटरची खरी परीक्षा होते. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो मागं फिरवता येतो, पॅडलचं घासलेलं रबर फिरवता येत नाही.

कागदांतही साल पैसे मागतं. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांतून एकदा, पुढं दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होते, अशी भीती काही जण घालतात. तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या परिसरासाठी आहे, आपल्यासाठी नाही. कर्जाचा बोजा उतरला का आणि ई-चलन बाकी आहे का, हेही पाहावं.

आम्ही शेवटी २०१९ ची बीएस-४ पिकअप घेतली. आधी ती किराणा माल वाहत होती, मालक एकच आणि सर्व्हिसची नोंद पूर्ण. संत्र्याचे कॅरेट घेऊन ती आज अमरावतीला जाते.

जुनी पिकअप घ्यायला निघालेल्या शेतकरी भावांना माझं एवढंच सांगणं आहे: साल पाहून गाड्या निवडा, पण सौदा गाडीखाली वाकून पाहिल्यावरच करा. आणि विश्वासाचा मिस्तरी सोबत न्या. त्याची दिवसभराची मजुरी इंजिनच्या कामापुढं काहीच नाही.